ओल्या आंब्याच्या लाकडाचा वाडगा लेथवर कसा घडवावा

वादळात मोडून पडलेल्या आंब्याच्या जाड फांदीचे आपल्याकडे बहुतेक वेळा सरपण होते. त्याच फांदीतून नऊ-दहा इंची देखणे वाडगे निघू शकतात आणि त्यासाठी लाकूड आधी वर्षानुवर्षे वाळवत ठेवावे लागत नाही. मोठ्या वाडग्याला चार-पाच इंच जाडीचा ठोकळा लागतो. उघड्या हवेत लाकूड वाळायला दर इंच जाडीमागे साधारण एक वर्ष लागते असा ढोबळ हिशेब आहे, आणि इतका जाड ठोकळा वाळता वाळताच बहुधा तडकतो. म्हणून ओल्या लाकडातच लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, वाडग्याचा जाड साचा, म्हणजे जाड भिंतींचा कच्चा वाडगा, कातून घ्यायचा, तो सावकाश वाळू द्यायचा आणि वाळल्यावर पुन्हा लेथवर चढवून अंतिम आकार द्यायचा, ही पद्धत सर्वांत भरवशाची आहे. ओले लाकूड कातायलाही सोपे जाते, कारण पाण्यामुळे तंतू मऊ असतात, हत्याराची धार जास्त टिकते आणि बारीक धुळीऐवजी लांब, ओलसर ढलप्या निघतात. पुढील सर्व मापे २५ सेंटिमीटर व्यासाच्या वाडग्यासाठी दिली आहेत.

पाणी लाकडात काय करते

या कामातले जवळजवळ सगळे नियम एकाच गोष्टीतून निघतात. लाकडात पाणी दोन ठिकाणी असते: पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत. पोकळीतले पाणी निघून जाते तोवर लाकूड हलके होते, पण आटत नाही. आर्द्रता लाकडाच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २८ ते ३० टक्क्यांवर आली की भिंतींतले पाणी निघू लागते आणि तिथून आटणे सुरू होते. हे आटणे सर्व दिशांनी सारखे नसते. खोडाच्या लांबीच्या दिशेने ते नगण्य असते, गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने मध्यम असते आणि वार्षिक वलयांच्या कडेने त्याच्या सुमारे दुप्पट असते. त्यामुळे ओल्या लाकडात अगदी गोल कातलेला वाडगा वाळल्यावर लंबगोल होतो. तंतूंना आडव्या दिशेने तो समजा पाच टक्के आटला, तर २५ सेंटिमीटरपैकी सव्वा सेंटिमीटर कमी होते आणि तंतूंच्या दिशेचा व्यास मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. हा फरक पुन्हा गोल करता यावा एवढी जाडी साच्यात ठेवावी लागते. साच्याची जाडी व्यासाच्या एक दशांश, म्हणजे इथे २५ मिलिमीटर ठेवावी, हा जगभरचे कातारी पाळतात तो नियम याच गणितावर उभा आहे.

चिरा पडण्याचे कारणही इथेच सापडते. तंतूंची उघडी टोके, म्हणजे ओंडक्याचे कापलेले तोंड, बाजूच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी वेगाने पाणी सोडते. बाहेरचा थर आटू पाहतो, आतला ओला थर त्याला आटू देत नाही आणि त्या ताणात लाकूड फाटते. ओंडक्याच्या अगदी मध्यातला गाभा वाडग्यात राहिला, तर तिथून सालीकडे चीर जाणार हे जवळजवळ ठरलेलेच असते.

लाकूड निवडणे

आंबा शिकण्यासाठी उत्तम आहे, कारण तो मुबलक मिळतो, फार कठीण नसतो आणि त्याच्यात पिवळसर, तपकिरी, कधी काळपट रेषांचे सुंदर मिश्रण असते. शिवण हलकी असते आणि कमी वाकते. फणसाचा सोनेरी रंग कालांतराने गडद होतो. शिरीष आणि पर्जन्यवृक्षात गाभ्याचे गडद आणि सालीलगतचे फिके लाकूड यांतला फरक उठून दिसतो. बाभूळ आणि चिंच ही लाकडे कठीण आहेत, त्यामुळे हात बसल्यावरच त्यांच्याकडे वळावे. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांसाठी परंपरेने वापरला जाणारा पांगारा फार मऊ आहे. रोज धुवायच्या वाडग्यासाठी तो मी सुचवणार नाही.

काही झाडे मात्र पूर्णपणे टाळावीत. कण्हेर आणि काजरा विषारी आहेत, आणि बिब्ब्याच्या चिकाने कातडी भाजल्यासारखी होते. आंबा आणि काजू बिब्ब्याच्याच कुळातले असल्यामुळे त्यांच्या ताज्या चिकानेही काही जणांना पुरळ उठते. कैरीच्या चिकाचा ज्यांना त्रास होतो, त्यांनी आंब्याऐवजी शिवण किंवा शिरीष घ्यावा.

लाकडासाठी झाड तोडू नये. पडलेली झाडे आणि छाटणीतल्या फांद्या पुरेशा असतात. महाराष्ट्रात शहरी भागाला १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे, तर १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमानुसार अनेक प्रकारची झाडे खासगी जमिनीवर असली तरी ती तोडण्यासाठी परवानगी घ्यावी लागते. पडलेल्या झाडाचे लाकूड उचलण्यापूर्वीही जमीनमालकाला किंवा नगरपालिकेच्या उद्यान विभागाला विचारावे.

ओंडका ताब्यात आला की त्याच दिवशी दोन्ही तोंडांवर वितळवलेले पॅराफिन मेण किंवा मेणाचे इमल्शन (पाण्यात घोटलेले मेण) जाडसर लावावे. काहीच नसेल तर उरलेल्या रंगाचे दोन हात द्यावेत. तोंडे बंद केलेला ओंडका सावलीत, जमिनीपासून थोडा उचलून ठेवावा. आंब्याचे लाकूड पावसाळी हवेत लवकर डागाळते आणि कीडही त्याला पटकन लागते, म्हणून तो आठवड्याच्या आतच कापायला घेतलेला बरा.

ओंडक्यातून चकती

वाडग्यासाठी ३२ ते ३५ सेंटिमीटर जाडीचा ओंडका असावा. तोंडाकडचा चिरा पडलेला भाग आधी कापून टाकावा आणि मग वाडग्याच्या व्यासापेक्षा चार-पाच सेंटिमीटर जास्त लांबीचा तुकडा काढावा. तोंडावर गाभ्याचा ठिपका शोधून त्याच्या दोन्ही बाजूंना दीड-दोन सेंटिमीटर सोडून दोन समांतर रेषा आखाव्यात आणि त्या रेषांवर तुकडा उभा चिरावा. मधली फळी बाजूला पडते आणि दोन अर्धगोल ठोकळे मिळतात. चेनसॉची सवय नसेल तर हे काम वखारीतल्या बँडसॉवर करून घ्यावे. गोल ओंडका फिरत्या पात्यासमोर हाताने धरणे अतिशय धोकादायक असल्याने त्याला खाली पाचरी लावून घट्ट बसवणे आवश्यक आहे.

ठोकळ्याच्या सपाट, गाभ्याकडच्या बाजूला वाडग्याचे तोंड आणि सालीकडच्या बाजूला तळ ठेवावा. ठोकळ्याचा नैसर्गिक गोलवा वाडग्याच्या बाहेरच्या आकाराशी जुळतो, त्यामुळे लाकूड कमी वाया जाते. पुठ्ठ्याची २६ सेंटिमीटरची चकती सपाट बाजूवर ठेवून वर्तुळ आखावे आणि बँडसॉवर गोल कापून घ्यावे. बँडसॉ नसेल तर कोपरे उडवून अष्टकोन केला तरी चालतो. साल सैल झाली असेल तर ती काढून टाकावी, कारण लेथवर फिरताना ती निसटून तोंडावर येऊ शकते.

लेथवर पहिल्यांदा चढवताना

फेसप्लेट, म्हणजे लेथच्या फिरत्या टोकावर बसणारी भोकांची धातूची चकती, सपाट बाजूच्या मध्यावर बसवावी, कारण तो भाग नंतर पोखरून निघूनच जाणार असतो. किमान सहा जाड, पोलादी लाकूड-स्क्रू वापरावेत आणि ते लाकडात २५ ते ३० मिलिमीटर गेले पाहिजेत. जिप्समच्या भिंतीसाठी मिळणारे काळे, बारीक स्क्रू ठिसूळ असतात आणि अचानक तुटतात, म्हणून ते वापरू नयेत. ओले लाकूड दाबले जाते, त्यामुळे थोडे काम झाल्यावर लेथ बंद करून स्क्रू पुन्हा आवळावेत. जोपर्यंत शक्य आहे तोपर्यंत टेलस्टॉकचा, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाच्या सरकत्या टेकूचा, आधार पुढे लावूनच ठेवावा.

वेगाचा एक उपयोगी हिशेब असा आहे: इंचांतला व्यास आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार ६,००० ते ९,००० च्या दरम्यान असावा. दहा इंची वाडग्यासाठी हा वेग ६०० ते ९०० फेरे येतो, पण तो गोल आणि समतोल झालेल्या लाकडासाठी आहे. ओबडधोबड ठोकळा ३०० च्या आसपास सुरू करावा, थरथर थांबेल तसा वेग वाढवावा आणि लेथ जागेवरून हलू लागला तर लगेच कमी करावा.

तोंडावर पूर्ण शील्ड, पायांत बंद बूट आणि बाह्या कोपरापर्यंत गुंडाळलेल्या असाव्यात. ओढणी, सैल कुर्ता, मोकळे केस, अंगठी, घड्याळ आणि हातमोजे यांपैकी काहीही फिरत्या लाकडाजवळ नसावे; हातमोजा अडकला तर हातासकट आत ओढला जातो. लेथ सुरू करताना ठोकळ्याच्या समोर न राहता बाजूला उभे राहावे. ओल्या लाकडातून पाण्याचे थेंब चौफेर उडतात, म्हणून मोटर आणि स्विच झाकलेले असावेत आणि अर्थिंग तपासून घेतलेले असावे. टूलरेस्ट, म्हणजे हत्यार टेकवायचा आडवा आधार, लाकडापासून साधारण अर्धा सेंटिमीटर दूर ठेवावा. तो हलवताना प्रत्येक वेळी लेथ बंद करावा आणि पुन्हा सुरू करण्याआधी लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहावे.

बाहेरचा आकार

वाडग्यासाठी खोल खोबणीची गोल पटाशी लागते, जिला लेथवाले बाऊल गाऊज म्हणतात. हायस्पीड पोलादाची, १२ मिलिमीटरची, दोन्ही पाखे (खोबणीच्या बाजूच्या कडा) मागे घासलेली आणि टोकाचा ढाळ (धारेमागचा तिरका घासलेला भाग) ४० ते ४५ अंशांचा असलेली पटाशी सुरुवातीला पुरते. साधी सुतारी पटाशी लेथवर वापरू नये. तिचा दांडा या जोरासाठी बनवलेला नसतो. धार मात्र वारंवार करावी लागते. एका वाडग्यात तीन-चार वेळा ग्राइंडरकडे जाणे अगदी स्वाभाविक आहे, आणि ज्याला धार करण्याचा कंटाळा आहे त्याला हे काम कधी नीट जमत नाही असे माझे ठाम मत आहे.

पटाशी चालवण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी दांडा टूलरेस्टवर टेकवायचा, मग धारेच्या मागचा ढाळ फिरत्या लाकडाला टेकवायचा. त्या क्षणी पटाशी नुसती घासते, कापत नाही. त्यानंतर मूठ किंचित उचलून धार लाकडाला लागेपर्यंत आणायची. ढाळाचा आधार सुटलेली धार लाकडात अचानक घुसते आणि जोराचा झटका बसतो. वाडगे फुटतात ते बहुतेक वेळा याच झटक्याने. मूठ कमरेला टेकवून, पाय थोडे फाकवून, हातांऐवजी गुडघ्यांतून शरीर झुलवत पुढे सरकावे. खोबणीचे तोंड सरकण्याच्या दिशेला वळलेले असावे, सरळ आकाशाकडे नको.

बाहेरच्या बाजूने नेहमी तळाकडून काठाकडे, म्हणजे लहान व्यासाकडून मोठ्या व्यासाकडे कापावे. आतून याच्या उलट, काठाकडून तळाकडे. या दिशेने कापताना प्रत्येक तंतूला त्याच्यामागच्या तंतूंचा आधार मिळतो आणि तो स्वच्छ कापला जातो. उलट दिशेने गेल्यास तंतू उपसले जातात. सुरुवातीला अर्धा वेळ धार हवेतच जाते आणि ठक-ठक आवाज येतो. आवाज सलग झाला की ठोकळा गोल झाला असे समजावे. आंब्यात तंतू कधी कधी उलटसुलट विणलेले असतात, त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात समोरासमोरच्या दोन जागी खरखरीतपणा राहतो. साच्यावर तो राहिला तरी काही बिघडत नाही.

तळाशी चकमध्ये, म्हणजे लेथच्या जबड्यांच्या पकडीत, धरण्यासाठी गोल कुसू, म्हणजे तळातून पुढे आलेला छोटा खुंट, काढावा. त्याचा व्यास वाडग्याच्या सुमारे ४० टक्के, म्हणजे १० सेंटिमीटरच्या जवळपास, आणि उंची ७-८ मिलिमीटर ठेवावी. आपल्या चकचे जबडे किती उघडतात हे आधी मोजून घ्यावे. कुसूच्या कडेला जबड्यांच्या उताराशी जुळणारा उतार द्यावा आणि त्याच्या मुळाशी खांदा सपाट कातावा, कारण जबडे त्या खांद्यावर टेकले पाहिजेत. कुसूचे टोक चकच्या तळाला लागता कामा नये. वाळल्यावर हा कुसूही लंबगोल होणार असल्याने तो मुद्दाम मोठा ठेवायचा असतो.

आकाराबाबत एक आग्रह आहे: तळापासून काठापर्यंत एकच अखंड वक्र ठेवावा. सपाट तळ आणि उभ्या भिंती असा डब्यासारखा आकार केला तर कोपऱ्यात जाड लाकूड उरते. जाड भाग उशिरा वाळतो, पातळ भाग आधी आटतो, आणि चीर नेमकी त्या सांध्यावर पडते.

आतून पोखरणे

फेसप्लेट काढून ठोकळा उलटा करावा, कुसू चकमध्ये घट्ट पकडावा आणि काठाची सपाटी कातून घ्यावी. मध्यावर ड्रिलने तळाच्या अपेक्षित जाडीपर्यंत भोक पाडून ठेवले की किती खोल जायचे याची काळजी मिटते. पोखरायला मध्यापासून सुरुवात करावी आणि खळगा टप्प्याटप्प्याने रुंद करत काठाकडे यावे, पण प्रत्येक फेरी बाहेरून मध्याकडेच न्यावी. मध्य जवळ येईल तसे हळू व्हावे, कारण तिथे लाकडाचा वेग शून्यावर येतो आणि जोर लावला तर पटाशी पलीकडे निसटते. भिंत तळाकडे वळते तिथे ४५ अंशांच्या पटाशीचा ढाळ टेकत नाही. तिथे ५५ ते ६० अंशांचा बोथट ढाळ असलेली दुसरी पटाशी उपयोगी पडते.

जाडी कॅलिपरने मोजावी आणि मोजताना लेथ पूर्ण थांबलेला असावा. भिंत २५ मिलिमीटर आणि तळही साधारण तेवढाच हवा. जाडी कुठे किती आहे यापेक्षा ती सगळीकडे सारखी असणे अधिक महत्त्वाचे आहे. साचा त्याच बैठकीत पूर्ण करावा. मध्येच उठावे लागले तर त्यावर ओले फडके टाकून प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. विदर्भ-मराठवाड्याच्या एप्रिलमधल्या दुपारी उघडा राहिलेला साचा काही तासांतच तडकू शकतो. काम संपल्यावर लेथचा लोखंडी बेड पुसून त्याला तेल लावावे, कारण ओल्या ढलप्यांनी तो एका रात्रीत गंजतो.

वाळवणे

सगळ्या कामाचा कस या टप्प्यात लागतो, आणि इथे हवामान पाहूनच निर्णय घ्यावा लागतो. ३० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत लाकूड सुमारे ६ टक्के पाण्यावर स्थिरावते. ८५ टक्क्यांच्या हवेत ते सुमारे १८ टक्क्यांवर थांबते. म्हणजे जुलैत रत्नागिरीत ‘वाळलेला’ वाडगा मे महिन्यात नागपूरला नेला तर तो पुन्हा आटणारच.

साच्यावर पेन्सिलीने लाकडाचे नाव, तारीख आणि वजन लिहावे. तंतूंची टोके उघडी असलेल्या दोन्ही बाजूंना आणि काठाला मेणाचे इमल्शन लावावे. कोरड्या प्रदेशात किंवा उन्हाळ्यात साचा वर्तमानपत्राच्या दोन-तीन थरांत गुंडाळून कागदी पिशवीत घालावा आणि घरातल्या सर्वांत थंड, वारा न लागणाऱ्या खोलीत जमिनीलगत ठेवावा. कागद ओला झाला की बदलावा. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात हीच युक्ती उलटते, कारण बंद पिशवीत दोन-तीन दिवसांतच बुरशी धरते. तिथे केवळ मेण लावून साचे फळीवर, एकमेकांना न टेकता, हवा खेळेल असे मांडावेत. ओल्या ढलप्यांच्या पोत्यात साचा पुरण्याची पद्धत थंड देशांत चालते, पण आपल्या दमट हवेत मला ती अजिबात पटत नाही.

आणखी एक उपाय म्हणजे साचा उकळणे. मोठ्या पातेल्यात साचा पाण्याखाली राहील असा बुडवून दर इंच जाडीला एक तास उकळावा, त्याच पाण्यात थंड होऊ द्यावा आणि मग वर सांगितल्याप्रमाणे वाळवावा. अशाने लाकडातला ताण सैल होतो, चिरा कमी पडतात आणि किडीची अंडीही मरतात. रंग मात्र थोडा फिका पडतो. आंब्याला कीड लागण्याची सवय पाहता ही मेहनत घ्यावी.

दर पंधरा दिवसांनी वजन करून साच्यावरच लिहीत जावे. वजन आधी झपाट्याने उतरते, मग हळूहळू, आणि लागोपाठ दोन-तीन वेळा सारखेच आले की साचा तयार झाला. याला साधारण सहा महिने ते वर्ष लागते. काठावरची केसाएवढी चीर दुसऱ्या कातणीत निघून जाते. तळातून आरपार गेलेली चीर असेल तर तो साचा सोडून द्यावा, कारण गोंद भरलेला वाडगा वेगात फिरवणे सुरक्षित नाही.

दुसरी कातणी

वाळलेला साचा तोंडाच्या बाजूने लाकडी चकतीवर टेकवून टेलस्टॉकने तळावर दाबावा आणि आधी कुसू पुन्हा गोल करावा. मग तो चकमध्ये धरून बाहेरचा आणि नंतर आतला आकार अंतिम करावा. भिंत ८ ते १० मिलिमीटर जाड ठेवली तर वाडगा हाताला हलका आणि तरी मजबूत लागतो. शेवटच्या फेरीआधी पटाशीला ताजी धार करून अगदी पातळ किस काढावा, कारण इथला एक स्वच्छ काप सँडपेपरचा बराच वेळ वाचवतो. आतून काठाकडची भिंत अंतिम जाडीला आणली की पुन्हा तिकडे परतू नये. पातळ झालेला काठ धारेखाली थरथरतो.

सँडपेपर १२०, १८०, २४० आणि ३२० या क्रमाने वापरावा आणि त्या वेळी धुळीचा मास्क लावावा. शेवटी वाडगा पुन्हा उलटा टेकवून कुसू कातून टाकावा आणि तळ किंचित आत दबलेला ठेवावा, म्हणजे तो डगमगत नाही.

खाण्याच्या वाडग्याला शुद्ध, कच्चे जवसाचे तेल द्यावे. रंगाच्या दुकानातल्या ‘डबल बॉइल्ड’ तेलात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, म्हणून ते या कामाला नको. तेल भरपूर लावून अर्ध्या तासाने पुसावे, चार-पाच दिवस वाळू द्यावे आणि असे तीन-चार हात द्यावेत. वरून मधमाशीचे मेण घासले की मंद चकाकी येते. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल जवसासारखे वाळून घट्ट होत नाही आणि कालांतराने त्याला खवट वास येतो. जवसाच्या तेलाचे फडके चुरगाळून ठेवू नये, कारण वाळताना ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. ते पाण्यात भिजवून मगच टाकावे. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून घर्षणाच्या उष्णतेने रंग चढवण्याची सावंतवाडीची रीत शोभेच्या वाडग्यासाठी फार सुंदर आहे, पण गरम भाजीने लाख मऊ पडते.

असा वाडगा फळे, कोशिंबीर, भाजलेले शेंगदाणे, कोरडी चटणी यांसाठी वापरावा. तो हाताने धुवून लगेच पुसावा, पाण्यात भिजत ठेवू नये आणि उन्हात वाळवू नये. पृष्ठभाग पांढुरका दिसू लागला की २४० च्या कागदाने हलके घासून तेलाचा आणखी एक हात द्यावा.